सातवा घास

मुक्काम सिंधनूरच्या पुढचं एक खेडं, कर्नाटक
१८ नोव्हेंबर २०२४

दादा,

शाळेत पत्राच्या वर तीर्थरूप लिहायले शिकवलं होतं. पण तीर्थरूप म्हटलं की मले अण्णाजी आठवते, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसताना, आणि मग पुढचं काई लिहिणं होत नाई. म्हणून नुसतं दादा.

तू माहा नंबर बंद करून ठेवला आहे. आईले फोनवर ऐकू येत नाई. वहिनीच्या फोनवर मी फोन करत नाई, काऊन करत नाई ते अल्लीपुरात कोणालेही इचार. राहिलं पत्र. आठवी नापासाचं अक्षर आहे, सांभाळून घेजो.

मी बोअरच्या गाडीवर लागलो. गाडी जिथं उभी राहते तिथं माहा पत्ता. दिवसभर जमिनीले भोक पाडतो, कुठं पाणी लागते, कुठं नुसती दगडाची भुकटी उडते. सांजच्याले आरशात पाहिलं तर भुवया पांढऱ्या, मी माहाच आजा दिसतो. सोबत प्रेमदास आहे, छत्तीसगडचा. काम चांगलं आहे. चांगलं काम मिळालं म्हणूनच मी आलो, दुसरं काई कारण नाई. तू घरी आला आणि दुसऱ्याच आठवड्यात मी निघालो, ते आपलं तसं जुळून आलं.

हेमराजचा फोन आलता. तो अजून जाम गावच्या चौकात आपलीच भाजी विकते. म्हणे, "अंकुश, तुही पुतणी लय वस्ताद! सख्ख्या बापाले पाव्हणा म्हणते. सकाळी उठली की आजीले इचारते, आजी, तो पाव्हणा कवा जाते?"

मी हसलो. मग माहा मलेच राग आला.

तो म्हणे, मयुरी तुह्या हातचं जेवत नाई. ताट पाहून पळते, विहिरीपाशी जाऊन बसते. दादा, लेकरू आहे. तू गेला तवा तिले दात नव्हते, आता चार वर्षांची झाली. तुले कसं ठाऊक असणार. तर ऐक.

भात कोमट पाहिजे. गरम दिला तर ती फुंकत बसते आणि फुंकता फुंकता भूक मरते. वरणात सांबाराचं पान, इथं त्याले कोत्तंबरी म्हणते, दिसलं तर आधी काढून टाक. आपण एवढा सांबार पिकवतो आणि आपलीच पोरगी सांबार खात नाई, हे बाजारात कोणाले सांगू नको. पोळीचा काठ काढायचा. तिच्या डाव्या अंगाले बसायचं. आणि "खाय" म्हणायचं नाई, खाय म्हटलं की ती तोंड शिवून घेते.

एवढं केलं की जेवते. यात काई मोठी विद्या नाई.

आणखी एक. तिच्या डोक्याच्या मागं जी लांब बट आहे, ती कशाची ते तुले कोणी सांगितलं का? तू गेल्यावर पहिल्या वर्षी जावळ काढायले तिले गिरडच्या दर्ग्याले नेलं होतं. जावळ मामाच्या मांडीवर काढते, पण वहिनीचा भाऊ तुह्यावरच्या रागानं आला नाई. मग आई म्हणे, "अंकुश, बैस तू." मी बसलो. न्हाव्यानं सगळं डोकं साफ केलं आणि आईच्या सांगण्यावरून एक बट ठेवली. आईनं टेकडीकडं हात जोडले आणि बोलली, माहा मुकेश घरी येऊ दे, ही बट त्याच्या मांडीवर उतरवीन.

तू आला. आता ती उतरवायची आहे. तोवर तिले तेल लावत जाजो. वहिनी लावतच असेल. तरी.

तू कुठं होता ते मी इचारत नाई. आई इचारत नाई, वहिनी इचारत नाई, म्हणून मीही.

तुहा
अंकुश


मुक्काम मानवीकडं कुठंतरी
१२ डिसेंबर

दादा,

तुहं उत्तर नाई. हेमराज म्हणे, पत्र मिळालं, तू ते अंगरख्याच्या खिशात घातलं आणि वांग्याले पाणी द्यायले निघून गेला. बरं.

काल इथं एक गंमत झाली. बोअर चालू होता, आणि गाडीच्या मागच्या बाभळीत सातभाई उतरले. तेच मातकट, पांढऱ्या डोळ्याचे, पिवळ्या चोचीचे, आणि तशीच आपल्या घरातल्यासारखी कचकच. प्रेमदास म्हणे, "अरे, ये तो अपने उधर के हैं. इनको भी ठेकेदार उठा लाया क्या?" मले काम सुचेना. मेस्त्रीनं शिवी दिली तवा भानावर आलो.

काऊन सुचेना ते सांगतो. आखाडात आपल्या विहिरीजवळच्या लिंबूच्या झाडात सातभाईचं घरटं होतं. मयुरी आणि मी रोज पाहायचो. मोटरच्या खोलीच्या पायरीवर बसलं की बरोबर दिसते. एक जण अळी आणून पिल्लाच्या तोंडात घाले, लगेच दुसरा येई, मग तिसरा. मयुरी म्हणे, "काका, यातला बाबा कोनता?"

मी म्हटलं, तो मोठा. तो उडून गेला. दुसऱ्यानं नाकतोडा आणला. "मंग हा हाय का?" मी म्हटलं, हाच. तेवढ्यात तिसरा आला. ती माह्याकडं असं पाहे, जसा मीच खोटा आहे.

धुऱ्यापलीकडच्या वावरातून तानबा बुढा ऐकत होता, तुले ठाऊक आहे त्याले दुसऱ्याच्या गोष्टीत किती गोडी. तो म्हणे, "अबे, त्याईच्यात असंच असते. अंडे एका जोडप्याचे, पोसते सगळं खटलं. काके, मामे, मागच्या सालचे भाऊ. लेकरू कोनाचं हाय ते कोनी इचारत नाई."

"पण काऊन पोसते, बुढ्या?"

"तू काऊन पोसतं?" म्हणे, आणि बिडी पेटवून हसत बसला.

आता भोकात रॉड सोडताना दिवसभर त्याचाच इचार करतो, दादा. दया म्हणावी तर दया नव्हती. कर्तव्य म्हणावं तर मी कर्तव्याचा माणूस आहे का? अण्णाजी म्हणत, अंकुशच्या पायाले भिंगरी आहे, हा घरात टिकायचा नाई. आणि टिकला कोण? मी. पायाले भिंगरी निघाली तुह्या. हे टोमणा म्हणून लिहिलं नाई. मले खरंच समजत नाई.

मयुरीनं एक दिवस ते सगळे मोजले. सात नव्हतेच, आठ होते. मी म्हटलं, सातभाई आहे तर आठवा कोण? तिनं इचार केला आणि म्हणे, "आठवा पाव्हना हाय." मग तिनं तोच धरला. पाव्हणा आला, पाव्हणा गेला. तर दादा, तुले ती पाव्हणा म्हणते तर त्याचं एवढं वाईट वाटून घेऊ नको. तो आठवाही अळी आणत होता.

एक दिसलं ते सांगायचं राहिलं. घरट्यापाशी एक जण असला, की दुसरा चोचीत अळी घेऊन बाजूच्या फांदीवर थांबे. गिळत नव्हता. पाळी येईपर्यंत तसाच.

तू आला त्या दिवशी जेवताना मयुरी सवयीनं माह्या मांडीवर येऊन बसली. तू म्हणला, "दे इकडं माही पोरगी." मी दिली. हात सुटायले थोडा उशीर लागला, एवढंच. तू ते पाहिलं. मी पाहिलं की तू पाहिलं.

ती जेवते का आता? सांगितलं तसं करून पाहिलं का?

अंकुश


तिथंच, मानवी
३ जानेवारी २०२५

मुकेश,

हेमराजनं सगळं सांगितलं. त्याच्या गाडीनं तुम्ही गिरडले गेलते. न्हावी वस्तरा घेऊन बसला, तू मांडी घातली, वहिनीनं मयुरीले तुह्याकडं दिली आणि ती तुह्या मनगटाले चावून टेकडी उतरत पळाली. लोक पाहत होते. हे सगळं मी समजू शकतो.

आई म्हणे, "बट ज्याच्या मांडीवर ठेवली त्याच्याच मांडीवर उतरते. अंकुशले बोलवा." आता आईचंही समजत नाई. नवस बोलली तवा म्हणे मुकेशच्या मांडीवर, आता म्हणे ठेवली त्याच्या मांडीवर. दोन्ही तिनंच सांगितलं आणि दोन्ही तिले देवाचं वाटते. पण ती म्हातारी आहे, तिचं राहू दे.

तू काय म्हणला? हेमराज सांगत नव्हता, मी शपथ घातली तवा बोलला. तू म्हणला, "त्याले बोलवाचं नाई. साडेतीन वर्सं माह्या घरात राहून त्यानं काय काय केलं ते मले ठाऊक हाय."

काय केलं?

अण्णाजीले अग्नी दिला. तू कुठं होता? वांगी लावली, मेथी लावली, डोक्यावर टोपली घेऊन हिंगणघाटच्या बाजारात बसलो. मयुरीले गोवर झाला तवा आठवडाभर तिले खांद्यावर घेऊन आंगणात फिरलो, खाली ठेवलं की रडे. हे केलं. आणखी काय केलं ते गावातल्या पाराले इचारू नको, वहिनीले इचार. तोंड वर करून इचार.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी मुद्दाम लिहिली नाई. लिंबूतल्या घरट्यातलं ते पिल्लू सातभाईचं नव्हतंच. मोठं झालं तवा दिसलं, शेपटीवर पट्टे, अंगानं पोसणाऱ्यापेक्षा दांडगं. तानबा म्हणे, "हे पावश्याचं हाय. तो अंडं दुसऱ्याच्या घरट्यात टाकते आन निंगून जाते." पावश्याले सगळे पुण्यवान समजते. तो पेर्ते व्हा ओरडला की लोक तिफण काढते. पिल्लू कोण पोसते ते त्याले कोणी इचारत नाई.

तू पावशा आहे. झाडावर बसून ओरडायले आला.

अंकुश


६ जानेवारी

दादा,

मागचं पत्र मिळालं असेल तर चुलीत घाल. मिळालं नसेल तर मिळाल्यावर घाल.

पेटीत टाकलं आणि लगेच हात घालून पाहिला, पण पेटीचं तोंड लहान आहे. प्रेमदास म्हणे, "डाकखाने से चिठ्ठी वापस नहीं आती, पगले, थप्पड़ जैसी है."

तू वहिनीबद्दल इचारत नाई, पण तेच इचारून राह्यला हे मले समजते. तर सांगतो, एकदाच. अण्णाजी गेल्यावर भावकीतले चार जण आले आणि म्हणे, मुकेश काई आता येत नाई, अंकुशनं मंजुषाशी पाट लावावा, घर एक राहते. वहिनी आत पोळ्या करत होती. तव्याचा आवाज बंद झाला. मी नाई म्हटलं. लगेच म्हटलं का थांबून म्हटलं, ते मले आठवत नाई. लय आठवून पाहिलं. वहिनी त्यावर कधी बोलली नाई, मीही नाई. त्याच्यापुढं काई झालं नाई. पण मले आठवत नाई, हे खरं आहे, आणि खोटं लिहायचं असतं तर मी पत्रच कशाले लिहिलं असतं.

मी मयुरीचा कोण आहे ते मले सांगता येत नाई. काका आहे म्हणतो, तर काका एवढा रडत नाई. बाप म्हणतो, तर बाप घरी बसला आहे. गाडीवर सगळे इचारते, तेरे को कितने बच्चे? मी एकदा एक म्हणतो, एकदा एकही नाई म्हणतो. प्रेमदासनं दोन्ही ऐकलं.

अंकुश


मुक्काम बल्लारीच्या अलीकडं
२९ जानेवारी

दादा,

हेमराजचा काल फोन आला. मी पाईप उतरवत होतो, तसाच फोन कानाले लावला, पाईप प्रेमदासच्या पायावर पडता पडता वाचला.

तो म्हणे, "अंकुश, तुहा भाऊ लिंबूखाली बसून तुही पत्रं पोरीले वाचून दाखवते."

मी म्हटलं, चाल, फेकू नको.

"आईची आन! भाजी घ्याले गेलतो तवा डोयानं पाह्यलं. पत्र खिशातून काढलं की पोरगी येते. मांडीवर नाई, हातभर लांब बसते. पण बसते. सातभाईचं तिले पाठ झालं. तो मधातच थांबला की तीच पुढचं सांगते."

मी इचारलं, पावश्याचंही वाचलं का? तो म्हणे, "तेही वाचलं. पोरगी म्हणे, पाव्हन्या, पावशा कोन?"

"मग? काय म्हणला दादा?"

"म्हणला, मी."

दादा, मी बाभळीखाली जाऊन बसलो. मेस्त्री ओरडत होता, ओरडू दिलं. एक पत्र तू तिले वाचून दाखवलं नाई, ते खिशातच राहिलं, असंही हेमराज म्हणे. कोणतं ते मले समजलं, पाटाचं.

तू असा कसा आहे? मी तुह्यावर रागावून राहावं म्हणून चार महिन्यांपासून मेहनत करून राह्यलो, आणि तू माहीच पत्रं पोरीले वाचून दाखवते. माहं डोकं चालत नाई. सातभाई म्हणावं तर तू तो नाई, पावशा म्हणावं तर तोही राहिला नाई. तानबाले इचारलं पाहिजे असं पाखरू कोणतं असते. तो काईतरी सांगेलच.

आता माहं ऐक. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, एवढं केलं की ती जेवते, यात मोठी विद्या नाई. ते अर्धं होतं. कोमट भात, सांबार काढणं, डावीकडं बसणं, सगळं खरं आहे, पण त्यानं ती जेवत नाई. तू करून पाहिलं असेल आणि तुले वाटलं असेल आपल्यातच काई कमी आहे. तुह्यात कमी नव्हती. मी एक ठेवून घेतलं होतं. सगळं तुले देऊन टाकलं तर माह्यापाशी काय राहते, असं वाटलं.

सांगतो.

मांडी घालून बसायचं. ती डोळे मिटते. आपण घास धरायचा आणि इचारायचं, "कोन आला?" ती म्हणते, "पह्यला भाऊ," आणि चोचीसारखं तोंड उघडते. घास द्यायचा. मग दुसरा भाऊ, तिसरा, असे सहा. मधात हसायचं नाई, घाईही करायची नाई, चौथ्याले ती मुद्दाम थांबवते. सहा झाले की ती डोळे उघडते. सातवा घास ती आपल्या हातानं कालवते आणि तुह्या तोंडात घालते. तिचा हात तुह्या तोंडापर्यंत पुरत नाई, म्हणून ती मांडीवर चढते. तू उचलायचं नाई. उचललं की खेळ मोडला. चढू द्यायचं.

मांडीचं एवढंच आहे, दादा. माह्या मांडीत काई नव्हतं.

गिरडची तारीख आईनं तेरा फेब्रुवारीच्या गुरुवारी धरली म्हणे, आणि अजूनही म्हणते बट अंकुशच्याच मांडीवर उतरेल. मी प्रेमदासले सगळा गुंता सांगितला. मांडी बापाची पाहिजे हा नवस, मांडी ठेवणाऱ्याची पाहिजे हा नियम, दोघांतलं कोणतं मोडायचं? तो भाकर खात होता. म्हणे, "इसमें क्या है? तू नीचे बैठ, तेरा भाई तेरी गोद में, छोरी उसकी गोद में. अम्मा की दोनों बातें रह गईं."

मी लय हसलो. प्रेमदास हसला नाई, तो खरंच सांगत होता. आणि आता दोन दिवसांपासून मी इचार करून राह्यलो की हे होऊ शकते. लोक हसतील. हसू दे. आईले पत्र वाचून इचारजो, चालते का. मले वाटते ती लगेच हो म्हणते. तुहं वजन किती भरते ते मात्र खरं सांगजो, बोअरच्या गाडीनं माहे गुडघे गेले आहेत.

मी येतो. मेस्त्रीले सांगितलं. येऊन राहतो का परत येतो ते मले ठाऊक नाई, ते इचारू नको. तू जेवढं सांगत नाई तेवढं मीही सांगत नाई, बरोबरी झाली.

पण मी यायच्या आधी तू घासाचं करून पाहा. मी घरात पाय टाकल्यावर ती तुह्याकडं पाहणार नाई, हे तुलेही ठाऊक आहे. आजच कर. पत्र संपलं की तिले म्हण, काकानं एक खेळ लिहून पाठवला. ती म्हणेल, मले येते तो. म्हण, मले नाई येत, तू शिकव.

आणि सातवा घास ती घालते तवा तिच्या बोटाले भात चिकटलेला असते, तोही तोंडातच घ्यायचा. लगेच गिळू नको. चाव. ती मांडीवर बसून तुह्या गळ्याकडं पाहत राहते, घास खाली उतरला का नाई ते.

अंकुश